लुईस कॅरल : अक्षरखेळ आणि वाङ्मयदृष्टी

लुईस कॅरल या नावाने इंग्रजी वाङ्मयात चिरस्थायी झालेले चार्ल्स लटविज डॉजसन (१८३२–१८९८) यांचे चरित्र बहुधा दोन स्वतंत्र कप्प्यांत मांडले जाते : ऑक्सफर्डमधील गणिताचे अध्यापक डॉजसन आणि ‘ॲलिस’चे कर्ते कॅरल. या विभागणीत त्यांच्या अक्षरखेळांना फावल्या वेळच्या करमणुकीपलीकडे स्थान मिळत नाही. वास्तविक गणिती आणि साहित्यिक यांना जोडणारा दुवा याच खेळांत सापडतो. शब्दाचा अर्थ क्षणभर बाजूला ठेवून त्याच्या अक्षररूपाकडे पाहण्याची वृत्ती या खेळांच्या मुळाशी आहे आणि तीच त्यांच्या वाङ्मयाच्याही मुळाशी आहे.

डॉजसन यांचा जन्म २७ जानेवारी १८३२ रोजी चेशायरमधील डेअर्सबरी येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. अकरा भावंडांतील ते तिसरे आणि मुलांत थोरले. १८४३ मध्ये कुटुंब यॉर्कशायरमधील क्रॉफ्ट येथे गेले. तेथे भावंडांच्या मनोरंजनासाठी त्यांनी हस्तलिखित मासिके काढली. त्यांपैकी शेवटच्याचे नाव ‘मिशमॅश’, म्हणजे जर्मन भाषेत सरमिसळ. ‘जॅबरवॉकी’ या कवितेचे पहिले कडवे १८५५ मध्ये याच वहीत उतरले. रग्बी येथील शिक्षणानंतर १८५१ मध्ये ते ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात राहावयास गेले. १८५४ मध्ये गणितात प्रथम वर्ग मिळवून ते पुढच्याच वर्षी तेथे अध्यापक झाले.

त्यांचे टोपणनावही अक्षरांच्या उलाढालीतून आले. १८५६ मध्ये संपादक एडमंड येट्स यांच्याकडे त्यांनी चार नावे सुचविली. त्यांतील ‘एडगर कथवेलिस’ आणि ‘एडगर यू. सी. वेस्टहिल’ ही दोन ‘चार्ल्स लटविज’ या नावातील अक्षरे फिरवून बनविलेली होती. उरलेली दोन त्याच नावाच्या लॅटिन रूपावरून आली होती. येट्स यांनी त्यांतले ‘लुईस कॅरल’ निवडले. राजकारणी ग्लॅडस्टन यांच्या पूर्ण नावातील अक्षरांची फिरवाफिरव करून उपरोधिक वाक्ये रचण्याचा छंदही डॉजसन यांना होता.

१८७७ च्या नाताळात दोन मुलींसाठी त्यांनी ‘डब्लेट्स’ हा खेळ रचला आणि १८७९ मध्ये तो ‘व्हॅनिटी फेअर’मधून प्रसिद्ध झाला. यात समान अक्षरसंख्येचे दोन शब्द दिले जातात. एका वेळी एकच अक्षर बदलत आणि प्रत्येक पायरीवर खरा शब्द साधत एका शब्दापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचावयाचे असते. ‘डोके’ या अर्थाच्या ‘हेड’पासून ‘शेपूट’ या अर्थाच्या ‘टेल’पर्यंत जाण्यास मध्ये चार शब्द पुरतात. हा खेळ ध्वनीचा नसून लेखनाचा आहे. ‘हेड’चे शेवटचे अक्षर बदलून ‘हील’ होते तेव्हा न बदललेल्या स्वराक्षरांचाही उच्चार बदलतो. देवनागरीत लिहिताना ‘सांगणे’ आणि ‘शेपूट’ या अर्थांचे दोन्ही इंग्रजी शब्द ‘टेल’ असेच उमटतात, म्हणजे खेळाच्या दोन वेगळ्या पायऱ्या एकरूप होतात. उच्चार आणि लेखन यांतील इंग्रजीची फारकत हेच या खेळाचे भांडवल होय.

१८८१ मध्ये ‘द मंथली पॅकेट’मध्ये आलेल्या खेळाला त्यांनी बालपणीच्या वहीचे, ‘मिशमॅश’चे, नाव दिले. यात एक खेळाडू दोन किंवा अधिक अक्षरांचा ‘न्यूक्लिअस’, म्हणजे गाभा, सांगतो आणि दुसऱ्याने ती अक्षरे त्याच क्रमाने सलग असणारा शब्द शोधावयाचा असतो. ‘जी-पी’ या गाभ्यास ‘मॅगपाय’, ‘ई-एम-ओ’ यास ‘लेमन’, ‘आय-एम-एस-ई’ यास ‘हिमसेल्फ’ ही उत्तरे होत. शब्दकोशाची रचना आद्याक्षरावर असते. शब्दाच्या पोटातील अक्षरांवरून शोध घेणाऱ्यास कोश वाट दाखवीत नाही, त्याला स्मृतीवरच विसंबावे लागते. शिवाय गाभा नेमका अर्थाच्या सांध्यावर आघात करतो. ‘हिमसेल्फ’ या शब्दाचे ‘हिम’ आणि ‘सेल्फ’ हे दोन अर्थपूर्ण घटक आहेत; दिलेला गाभा मात्र पहिल्याची शेपटी आणि दुसऱ्याचे तोंड एवढेच उचलतो. उत्तर ठाऊक नसतानाही गाभा देण्याची मुभा खेळात आहे, आणि असा शब्दच नाही, या निर्णयालाही तेथे स्थान आहे. अस्तित्व आणि अभाव या दोहोंचा असा विचार हा तर्कशास्त्रज्ञाचा विशेष होय.

‘मिशमॅश’ने शब्दाचे अर्थपूर्ण सांधे तोडले. ‘जॅबरवॉकी’ने नेमकी उलट क्रिया केली. ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’मध्ये (१८७१) हम्टी डम्टी एका शब्दात दोन अर्थ भरण्याची जी रीत उलगडतो, ती शब्द कोठे तुटतो याची जाण असल्याखेरीज शक्य नव्हती. तोडणे आणि जोडणे ही एकाच दृष्टीची दोन अंगे आहेत.

१८८१ मध्येच त्यांनी अध्यापकपद सोडले. १८६१ मध्ये डीकनची दीक्षा घेऊनही ते पूर्ण धर्मोपदेशक कधीच झाले नाहीत. त्यांचे मन निःशंक नव्हते. १८९३ मधील ‘पिलो प्रॉब्लेम्स’ या ग्रंथात अंथरुणावर पडल्या पडल्या सोडविलेली ७२ गणिते असून, रात्री मनास छळणाऱ्या विचारांना दूर ठेवण्याचा उपाय म्हणून त्यांनी ती वाचकांपुढे ठेवली. खेळ आणि कोडी यांना त्यांच्या लेखी मनाच्या शिस्तीचे मूल्य होते, हे यावरून स्पष्ट होते. १४ जानेवारी १८९८ रोजी गिल्डफर्ड येथे बहिणींच्या घरी त्यांचे निधन झाले.

मम्मटाने शब्दचित्राला अवर काव्याच्या पंक्तीस बसविले. त्या निकषाने कॅरल यांचे अक्षरखेळ काव्य ठरत नाहीत आणि तसा त्यांचा दावाही नव्हता. परंतु ज्या वाङ्मयात शब्द अर्थापासून सुटतात आणि तरीही नियम सोडीत नाहीत, त्या वाङ्मयाची घडण या खेळांवाचून पुरती उलगडत नाही. डॉजसन आणि कॅरल ही दोन माणसे नव्हती, याचा सर्वांत सुस्पष्ट पुरावा ‘मिशमॅश’ हाच आहे.