एमिल फिशर

हेर्मान एमिल लुई फिशर (९ ऑक्टोबर, १८५२ : ऑइसकिर्शेन, जर्मनी - १५ जुलै, १९१९ : बर्लिन, जर्मनी) हे जर्मन सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ होते. शर्करा आणि प्युरीन या वर्गांतील संयुगांच्या संश्लेषणासाठी त्यांना १९०२ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रेणूचे कार्य त्याच्या त्रिमितीय आकारावर अवलंबून असते, हे त्यांनी प्रयोगांच्या आधारे दाखवले. उत्प्रेरण आणि औषधरचना या क्षेत्रांतील आजचे संगणकीय संशोधन बऱ्याच अंशी याच विचारावर उभे आहे.

जीवन
फिशर यांचे वडील लॉरेन्झ हे व्यापारी होते. मुलाने लाकडाच्या व्यापारात यावे अशी त्यांची इच्छा होती. पण मुलाचे मन तेथे रमले नाही आणि अखेर त्याला पुढे शिकण्याची परवानगी मिळाली. १८७१ साली फिशर यांनी बॉन विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे त्यांनी केकुले यांची व्याख्याने ऐकली. पुढच्या वर्षी ते स्ट्रासबर्ग येथे गेले. भौतिकशास्त्राकडे ओढा असलेला हा विद्यार्थी आडोल्फ फोन बायर यांच्या मार्गदर्शनामुळे रसायनशास्त्रात स्थिरावला. १८७४ साली रंगद्रव्यांवरील प्रबंधासाठी त्यांना डॉक्टरेट मिळाली. म्युनिक, एर्लांगन (१८८२) आणि व्युर्झबुर्ग (१८८५) येथे काम केल्यानंतर १८९२ साली ते बर्लिन विद्यापीठात होफमान यांच्या जागी प्राध्यापक झाले. अखेरपर्यंत ते तेथेच होते.

शर्करांवरील संशोधन
१८७५ साली फिशर यांनी फेनिलहायड्राझीन हे संयुग शोधले. शर्करांचे स्फटिक सहजासहजी बनत नाहीत. त्यांचा पाक होतो आणि त्यामुळे त्या शुद्ध स्वरूपात वेगळ्या करणे अवघड जाते. फेनिलहायड्राझीनशी अभिक्रिया झाल्यावर मात्र त्यांपासून पिवळे स्फटिक तयार होतात. या संयुगांना ओसाझोन म्हणतात. ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि मॅनोज या तिन्ही शर्करांपासून एकच ओसाझोन मिळतो. त्यावरून या शर्करांच्या साखळीतील पहिले दोन कार्बन वगळता उरलेली रचना सारखीच आहे, हे सिद्ध झाले.

ग्लुकोजच्या साखळीत चार असममित कार्बन अणू असतात. व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांच्या १८७४ सालच्या सिद्धान्तानुसार अशा शर्करेची सोळा त्रिमितीय रूपे संभवतात. त्यांपैकी ग्लुकोज कोणते, हे फिशर यांनी १८९१ साली केवळ अभिक्रिया, प्रकाशीय गुणधर्म आणि तर्क यांच्या बळावर निश्चित केले. अशा रचना कागदावर दाखवण्याची त्यांची पद्धत 'फिशर प्रक्षेपण' या नावाने आजही शिकवली जाते. परस्परांची आरशातील प्रतिबिंबे असलेल्या दोन रूपांपैकी खरे कोणते, हे ठरवण्याचे साधन मात्र त्या काळी नव्हते. म्हणून फिशर यांनी त्यांपैकी एक रूप गृहीत धरले. १९५१ साली डच शास्त्रज्ञ बायफूट यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने केलेल्या प्रयोगातून ते गृहीतक बरोबर असल्याचे दिसून आले. तोपर्यंत फिशर यांच्या निधनाला बत्तीस वर्षे होऊन गेली होती.

कुलूप आणि किल्ली
मेथिल ग्लुकोसाइड या संयुगाच्या अल्फा आणि बीटा या दोन रूपांत एका कार्बनावरील गटाची दिशा तेवढी वेगळी असते. यीस्टच्या अर्कातील एंझाइम फक्त अल्फा रूपाचे विघटन करते, तर बदामातील इमल्सिन फक्त बीटा रूपाचे, असे फिशर यांना आढळले. किल्ली जशी आपल्याच कुलपाला लागते, तसे एंझाइम आणि त्याचे लक्ष्य असलेला रेणू एकमेकांत बसले तरच अभिक्रिया घडते, असे स्पष्टीकरण त्यांनी १८९४ साली दिले. एंझाइमचा आकार स्थिर नसतो, रेणू जवळ येताच तो काहीसा बदलतो, अशी सुधारणा कॉशलंड यांनी १९५८ साली या कल्पनेत केली.

औषधे आणि प्रथिने
कॅफीन, थिओब्रोमीन आणि यूरिक आम्ल ही एकाच प्युरीन कुळातील संयुगे आहेत, हे फिशर यांनी दाखवून दिले. १९०३ साली त्यांनी योझेफ फोन मेरिंग यांच्यासह व्हेरोनल हे झोपेचे औषध पुढे आणले. बार्बिट्युरेट वर्गातील हे पहिले औषध होय. या वर्गातील औषधांची सवय जडते आणि मात्रा वाढल्यास मृत्यू ओढवतो, हे पुढे अनुभवास आले. अमिनो आम्ले जोडून प्रथिनांसारख्या साखळ्या तयार करण्याचे काम त्यांनी १९०० नंतर हाती घेतले आणि १९०७ साली अठरा अमिनो आम्लांची साखळी बनवली. १८८३ सालच्या त्यांच्या इंडोल संश्लेषणाचा उपयोग इंडोमेथासिन या वेदनाशामक औषधाच्या निर्मितीत झाला.

अखेरचा काळ
ज्या फेनिलहायड्राझीनने शर्करांचे दार उघडले, त्यानेच फिशर यांचे आरोग्य ढासळवले. त्याच्या विषबाधेचा त्रास त्यांना अनेक वर्षे होत राहिला. १८८८ साली त्यांचा विवाह आग्नेस गेरलाख यांच्याशी झाला होता. अवघ्या सात वर्षांत त्यांचे निधन झाले. १९१४ साली जर्मनीच्या युद्धाचे समर्थन करणाऱ्या ९३ विचारवंतांच्या जाहीरनाम्यावर फिशर यांची सही होती. युद्धकाळात रासायनिक कच्च्या मालाच्या पुरवठ्याचे कामही त्यांनी पाहिले. त्याच युद्धाच्या काळात त्यांचे तीनपैकी दोन मुलगे मृत्यू पावले. कर्करोगाने आजारी असताना १९१९ साली बर्लिन येथे फिशर यांचे निधन झाले. उरलेला मुलगा हेर्मान पुढे बर्कली येथे जीवरसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला.

वारसा
फिशर यांचे विद्यार्थी ओटो वारबुर्ग (१९३१) आणि ओटो डील्स (१९५०) यांनाही नोबेल पारितोषिक मिळाले. १९८२ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी रेणू प्रथिनाच्या खोबणीत कसा बसेल हे संगणकावर तपासण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आज नव्या औषधांच्या शोधात असंख्य रेणू आधी अशाच पद्धतीने पारखले जातात आणि निवडक रेणूच प्रयोगशाळेत तयार केले जातात. साधने बदलली असली, तरी कोणती किल्ली कोणत्या कुलपाला लागेल, हा फिशर यांचाच प्रश्न या संशोधनाच्या मुळाशी आहे.