मोजे विकले, जॅम विकला, साबण विकला आणि मग या माणसाने टीव्ही बनवला

१९२५ सालची गोष्ट. लंडनमध्ये डेली एक्सप्रेस या पेपरच्या ऑफिसात एक माणूस आला. केस विस्कटलेले, डोळ्यांवर चष्मा. त्याचं म्हणणं होतं की त्याने एक मशीन बनवलंय, ज्यातून बिनतारी पद्धतीने लांबचं दिसतं. किस्सा असा सांगितला जातो की, वृत्तसंपादकाने हे ऐकताच आपल्या माणसाला खाली पिटाळलं. हुकूम असा की, खाली एक वेडा आलाय, त्याला वाटेला लावा आणि जपून, त्याच्याकडे वस्तरा असू शकतो.

गंमत म्हणजे या माणसाने खरोखर एक वस्तरा बनवला होता. पातं कधी गंजू नये म्हणून काचेचा. त्याने स्वतःचीच दाढी करताना गाल कापून घेतला आणि तो धंदा सुरू होण्याआधीच संपला.

माणसाचं नाव जॉन लोगी बेअर्ड. टीव्हीचा शोध कुणी लावला, या जनरल नॉलेजच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून हे नाव आपण सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. पण त्या एका ओळीच्या आधी या गड्याने किती धंदे करून पाहिले आणि त्यानंतर त्याच्या हाती काय लागलं, हे शाळेच्या पुस्तकात नसतं.

बेअर्डचा जन्म १३ ऑगस्ट १८८८ चा. गाव हेलन्सबरा, स्कॉटलंडमध्ये ग्लासगोपासून जवळ. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक. चार भावंडांत हा शेंडेफळ, आणि आजारपण तर पाचवीलाच पुजलेलं. पण डोकं भन्नाट. शाळेत असतानाच त्याने आपलं घर आणि समोरच्या मित्रांची घरं जोडणारं खाजगी टेलिफोन एक्सचेंज उभं केलं. एका वादळी रात्री रस्त्यावरची तार खाली आली, एक घोडागाडीवाला तिच्यात अडकून आपटला आणि एक्सचेंजला टाळं लागलं. मग पोराने घरात स्वतःच्या जनरेटरवर विजेचे दिवे लावले.

पुढे ग्लासगोत इंजिनिअरिंग झालं. पहिलं महायुद्ध लागल्यावर तो सैन्यात भरती व्हायला गेला, तर तब्येत बघून त्याला परत पाठवलं. मग त्याने क्लाइड व्हॅली इलेक्ट्रिकल पॉवर कंपनीत नोकरी धरली. काम काय, तर कुठे लाईट गेली की पावसापाण्यात, रात्री-अपरात्री जाऊन ती आणायची. अशी नोकरी करताना त्याने काय करावं? कृत्रिम हिरा बनवायचा घाट घातला. काँक्रीटमध्ये कार्बनची कांडी पुरली आणि तिच्यातून कंपनीचा जबरदस्त करंट सोडला. हिरा तर मिळाला नाहीच, ग्लासगोच्या एका भागाची लाईट मात्र गेली. जी आणायचा पगार त्याला मिळत होता तीच.

या नोकरीत त्याला एक त्रास होता. पाय सतत गार आणि ओले. यातूनच त्याचा पहिला चाललेला धंदा निघाला, बेअर्ड अंडरसॉक. नेहमीच्या मोज्याच्या आत घालायचा साधा मोजा, त्यावर बोरॅक्सची पावडर मारलेली. पाय कोरडे राहतात, एवढाच दावा. मोज्यात विशेष काही नव्हतं, पण जाहिरात जोरदार होती. त्याने पाठीपोटावर बोर्ड लटकवलेल्या बायका ग्लासगोच्या रस्त्यांवरून फिरवल्या. त्या काळात हे काम पुरुष करायचे, त्यामुळे लोक वळून वळून बघायला लागले. मोजे खपायला लागले आणि बेअर्डने नोकरीला रामराम ठोकला.

मग तो आजारी पडला. धंदा म्हणजे हा एकटाच असल्याने तो अंथरुणाला खिळला की धंदाही झोपायचा. त्याने मोज्यांचं दुकान गुंडाळलं आणि उबदार हवेच्या शोधात १९१९ मध्ये थेट वेस्ट इंडिजमधलं त्रिनिदाद गाठलं. तिथे आंबा, पेरू आणि साखर मुबलक, म्हणून जॅम करायला घेतला. कढई उकळायला लागली की वास जंगलभर पसरायचा आणि झुंडीने आलेले किडे थेट पाकात उड्या घ्यायचे. जॅम बुडाला, तापाने शरीर पोखरलं आणि वर्षभरात भाऊ इंग्लंडला परत.

लंडनमध्ये मध विकून झाला, खत विकून झालं. मग आला स्वस्तातला साबण, बेअर्ड्स स्पीडी क्लीनर. तो चालला. इतका चालला की ऑलिव्हर हचिन्सन नावाचा दुसरा साबणवाला त्याच्या मुळावर आला. दोघांनी भांडण्यापेक्षा एकत्र यायचं ठरवलं. तेवढ्यात बेअर्डची तब्येत पुन्हा ढासळली आणि त्याने आपला हिस्सा विकून टाकला. हा हचिन्सन लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

१९२३ च्या सुरुवातीला बेअर्ड हवापालटासाठी हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या गावी येऊन राहिला. वय ३४. काचेचा वस्तरा तिथलाच. बुटांत फुगे घालून चालणं मऊ करायचा प्रयोगही तिथलाच. तो शंभरेक पावलं हिंदकळत चालला आणि फुगा फुटला. मग एक दिवस समुद्राकाठच्या कड्यांवरून लांब फेरफटका मारताना तरुणपणी डोक्यात घोळत असलेला जुना विषय पुन्हा वर आला. रेडिओवर आवाज येतो, तर चित्र का येऊ नये?

ही कल्पना एकट्या बेअर्डची नव्हती. पॉल निपको या जर्मन विद्यार्थ्याने १८८४ मध्येच त्याचं पेटंट घेतलं होतं. एक गोल तबकडी घ्यायची आणि तिला गोगलगाईच्या शंखासारख्या वळणात छिद्रं पाडायची. तबकडी फिरली की प्रत्येक छिद्र समोरच्या दृश्यावरून एकेक रेघ ओढत जातं. त्या रेघेतला उजेड-अंधार पकडून एक विशेष सेल त्याचा कमीजास्त करंट बनवतो. दुसऱ्या टोकाला तशीच तबकडी त्याच वेगाने फिरवायची, तिच्यामागचा दिवा त्या करंटप्रमाणे कमीजास्त पेटतो आणि डोळ्याला रेघांचं मिळून चित्र दिसतं. निपकोच्या काळात हे कागदावरच राहिलं, कारण क्षीण करंट मोठा करणारे व्हॉल्व्ह तेव्हा नव्हते. १९२३ पर्यंत ते रेडिओमुळे बाजारात आले होते. बेअर्डने ही वेळ अचूक हेरली.

पैसे मात्र नव्हते. त्यामुळे जगातला पहिला चालणारा टीव्ही म्हणजे शुद्ध जुगाड होता. चहाचं खोकं, हॅट ठेवायचा पुठ्ठ्याचा डबा, रफू करायच्या सुया, सायकलच्या दिव्याची भिंगं आणि हे सगळं धरून ठेवायला लाख, गोंद आणि सुतळी. १९२४ मध्ये या डबड्यातून त्याने एका क्रॉसच्या आकाराची सावली काही फुटांवर पाठवली. त्याच उन्हाळ्यात त्याला हजारएक व्होल्टचा झटका बसला. हात भाजण्यावर निभावलं, पण घरमालकाने जागा खाली करायला सांगितली.

तो लंडनला आला, सोहो भागात २२, फ्रिथ स्ट्रीटच्या वरच्या मजल्यावर. सिनेमाचं सामान विकणाऱ्या विल डे याने २०० पौंडांत धंद्यातला एक तृतीयांश हिस्सा घेतला होता, पण ते पैसे कधीच उडाले होते. १९२५ च्या वसंतात सेल्फ्रिजेस या बड्या दुकानाने गिऱ्हाईक खेचायला त्याचं मशीन तीन आठवडे मांडून ठेवलं. लोकांना दिसायच्या त्या फक्त सावल्या. आणि सावल्यांवर कोण पैसा लावणार?

चेहरा हवा होता. अडचण अशी की त्याला लागणाऱ्या दिव्यांची धग कुठलाच माणूस फार वेळ सहन करू शकत नव्हता. म्हणून बेअर्डने स्टूकी बिल नावाचा बोलक्या बाहुल्यांच्या खेळातला एक बाहुला समोर बसवला. बिचाऱ्याचे केस होरपळले. २ ऑक्टोबर १९२५ रोजी दुसऱ्या खोलीतल्या पडद्यावर या बाहुल्याचं तोंड पहिल्यांदाच उजेड-सावलीसकट, नाक-डोळे कळतील असं दिसलं. बेअर्ड पळतच जिन्याने खाली गेला आणि खालच्या ऑफिसातल्या विल्यम टेन्टन या पोराला ओढून वर घेऊन आला. त्याला मशीनसमोर बसवलं, पलीकडे जाऊन बघतो तर पडदा कोरा. धगीला घाबरून पोरगं मागे सरकलं होतं. बेअर्डने त्याच्या हातावर अर्धा क्राऊन ठेवला आणि पुन्हा बसवलं. टीव्हीवर झळकणारा पहिला माणूस अशा रीतीने चिरीमिरी घेऊन झळकला.

२६ जानेवारी १९२६ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनचे चाळीसेक सभासद त्या अरुंद जिन्याने वर आले. सोबत टाइम्सचा बातमीदार होता. चित्र अंधुक होतं, थरथरत होतं, पण चेहरा ओळखू येत होता. अमेरिकेत चार्ल्स जेनकिन्स तेव्हा सावल्यांपर्यंत पोचला होता. बेअर्ड पुढे निघाला होता.

आता परत हचिन्सन. साबणाच्या धंद्यातला हा जुना प्रतिस्पर्धी टीव्हीच्या कंपनीत बेअर्डचा भागीदार झाला. एकाकडे डोकं, दुसऱ्याकडे बोलणं. पुढची तीन वर्षं म्हणजे धडाका होता. १९२७ मध्ये एका अमेरिकन कंपनीने वॉशिंग्टनहून न्यूयॉर्कला चित्र पाठवल्यावर दोन महिन्यांच्या आत बेअर्डने टेलिफोनच्या तारेवरून लंडन ते ग्लासगो, ४३८ मैल, चित्र पाठवून दाखवलं. फेब्रुवारी १९२८ मध्ये चित्र अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कजवळ पोचलं. त्याच जुलैमध्ये त्याने रंगीत टीव्ही दाखवला. अंधारात दिसणारा टीव्ही, चित्र साठवणारी ग्रामोफोनसारखी रेकॉर्ड, सगळं करून झालं.

३० सप्टेंबर १९२९ पासून बीबीसीच्या ट्रान्समीटरवरून बेअर्डचे प्रयोग सुरू झाले. सुरुवातीला ट्रान्समीटर एकच मिळायचा, म्हणून आधी चित्र आणि मग आवाज. म्हणजे माणूस मुकाट्याने तोंड हलवणार आणि त्यानंतर तो काय म्हणाला ते ऐकू येणार. बाजारात आलेल्या त्याच्या टेलिव्हायजरची किंमत पंचवीस पौंडांच्या वर होती आणि पडदा व्हिजिटिंग कार्डापेक्षा लहान. हजारभर सेट खपले. १९३१ मध्ये एप्सम डर्बीच्या घोड्यांची शर्यत टीव्हीवर दिसली. त्याच वर्षी त्याने मार्गारेट आल्बू या पियानोवादक तरुणीशी न्यूयॉर्कमध्ये लग्न केलं.

इथपर्यंत सगळं चढतं होतं. खोट होती ती तबकडीतच.

बेअर्डच्या चित्रात ३० रेघा होत्या. चित्र स्पष्ट हवं तर रेघा वाढवा, रेघा वाढवायच्या तर छिद्रं वाढवा. छिद्रं वाढली की ती बारीक होतात, बारीक झाली की उजेड कमी येतो, मग तबकडी मोठी करा, आणखी जोरात फिरवा. याला कुठेतरी शेवट होता. तिकडे अमेरिकेत फायलो फार्न्सवर्थने १९२७ मध्येच पूर्ण इलेक्ट्रॉनिक टीव्ही चालवून दाखवला होता. इंग्लंडमध्ये ईएमआय कंपनीत आयझॅक शोनबर्गच्या हाताखालची टीम त्याच दिशेने कामाला लागली होती. बेअर्डच्या मागे शेअर विकून जमवलेला पैसा होता, ईएमआयच्या मागे पगारी शास्त्रज्ञांची फौज. एकट्याने डबडी जोडून पहिला नंबर काढता येतो, पण हा सामना वेगळा होता. १९३२ मध्ये गोमोंट-ब्रिटिश या सिनेमा कंपनीने बेअर्डची कंपनी ताब्यात घेतली. कंपनीवर नाव त्याचं राहिलं, निर्णय दुसरेच घेऊ लागले. तो आपल्या घरच्या प्रयोगशाळेत जाऊन बसला.

२ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीने लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित टीव्ही सुरू केला. दोन्ही पद्धतींना आलटून पालटून संधी मिळणार होती. बेअर्ड कंपनीच्या २४० रेघा, तर मार्कोनी-ईएमआयच्या ४०५. बेअर्डकडचा कॅमेरा आधी फिल्मवर शूटिंग करायचा, ती फिल्म जागेवरच रसायनात धुतली जायची आणि साधारण मिनिटभराने चित्र हवेत जायचं. धुण्याच्या टाकीला जोडलेला असल्याने तो जागचा हलत नसे. समोरच्यांचा कॅमेरा हवा तिकडे फिरायचा. भरीस भर म्हणून ३० नोव्हेंबरला क्रिस्टल पॅलेसला भीषण आग लागली आणि तिथल्या बेअर्ड कंपनीच्या प्रयोगशाळांची राख झाली. १९३७ च्या सुरुवातीलाच बीबीसीने बेअर्डची पद्धत बंद केली. तीन महिनेसुद्धा ती टिकली नाही.

बेअर्ड आपल्या तबकडीला चिकटून बसला म्हणून हरला, असं सर्रास लिहिलं जातं. ते अर्धंच खरं आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्धामुळे बीबीसीचा टीव्ही बंद पडला आणि त्याबरोबर कंपनीही बुडाली. आधी मोजे सोडले, जॅम सोडला, साबण सोडला, तसं आता टीव्ही सोडणं सगळ्यात सोपं होतं. तब्येत आधीपेक्षा वाईट होती, घरात दोन मुलं होती. तरी या एका धंद्यातून तो उठला नाही. लंडनवर बॉम्ब पडत असताना, हाताशी मोजकी माणसं घेऊन आणि खिशातले पैसे घालून तो काम करत राहिला. काम कसलं, तर इलेक्ट्रॉनिक रंगीत टीव्हीचं. १६ ऑगस्ट १९४४ रोजी त्याने टेलिक्रोम ही रंगीत पिक्चर ट्यूब पत्रकारांना दाखवली. तिच्यात फिरणारी तबकडी नव्हती. एकाच काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनच्या झोतांनी रंगीत चित्र उमटत होतं आणि तसं दाखवणारी ती जगातली पहिली ट्यूब होती. युद्धानंतर टीव्ही कसा असावा हे ठरवणाऱ्या सरकारी हँकी समितीपुढे त्याने साक्ष दिली. समितीने पुढे हजारएक रेघांचा, शक्य तर रंगीत टीव्ही सुचवला.

सरकारने खर्च बघून जुन्या ४०५ रेघांवरच गाडी पुन्हा सुरू केली. ७ जून १९४६ रोजी बीबीसीचा टीव्ही परत लागला आणि दुसऱ्या दिवशी विजयाची परेड त्यावर दिसली. त्या वर्षाच्या सुरुवातीला झटका आल्याने बेअर्ड बेक्सहिल या समुद्रकाठच्या गावी अंथरुणाला खिळला होता. हेस्टिंग्जपासून हे गाव हाकेच्या अंतरावर. तिथेच १४ जूनला तो गेला, वयाच्या ५७ व्या वर्षी. त्याला हेलन्सबराला नेऊन आईवडिलांशेजारी पुरण्यात आलं. टेलिक्रोमचं काम पुढे नेणारं कुणी उरलं नव्हतं. ब्रिटनमध्ये रंगीत टीव्ही सुरू व्हायला १९६७ उजाडलं.