दोन इंचांची गादी

कांजूरमार्ग स्थानकाच्या फलाटावर तुम्ही कधीतरी उभे राहिला असाल. विक्रोळी आणि भांडुप यांच्या मधले हे स्थानक. येथे लोकल गाड्या थांबतात. लांब पल्ल्याच्या गाड्या मात्र थांबत नाहीत. त्या शिटी वाजवत, धूळ आणि कागद उडवत समोरून निघून जातात.

पुढच्या वेळी अशी गाडी गेली की तिचे डबे नीट पाहा. इंजिनाला लागून आणि गाडीच्या शेवटी बहुधा सामानाचा डबा असतो. त्यात पेट्या, सायकली, पार्सले भरलेली असतात. त्याच्या शेजारी जनरल डबे. तेथे दारातही माणसे उभी असतात. मग येतात झोपून जाण्याचे स्लीपर डबे आणि वातानुकूलित डबे. कोणत्या गाडीला कोणते डबे किती लावायचे आणि कोणत्या डब्यात काय सोय करायची, हे कोणीतरी बसून ठरवलेले असते. त्या ठरवण्यावर हजारो माणसांची झोप अवलंबून असते.

आज स्लीपर डब्याच्या बाकावर गादी असते. ती जाड नसते, पण असते. पूर्वी ती नव्हती. तेथे नुसती लाकडी फळी होती. ही फळी ज्यांना खटकली आणि ज्यांनी ती बदलली, त्या रेल्वेमंत्र्यांचे नाव प्रा. मधु दंडवते.

मधु दंडवते यांचा जन्म 21 जानेवारी 1924 रोजी अहमदनगर येथे झाला. या शहराला आता अहिल्यानगर म्हणतात. शिक्षणासाठी ते मुंबईत आले आणि पदार्थविज्ञान शिकले. 1942 साली देशात ‘भारत छोडो’ आंदोलन सुरू झाले. तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. तेही त्या आंदोलनात सामील झाले. पुढे ते समाजवादी पक्षात काम करू लागले. 1955 साली गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते. ते हटवण्यासाठी सत्याग्रही तुकड्या गोव्यात शिरत होत्या. अशाच एका तुकडीचे नेतृत्व दंडवते यांनी केले आणि पोर्तुगीज पोलिसांचा मार खाल्ला.

पण त्यांचा रोजचा व्यवसाय शिक्षकाचा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत स्थापन केलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात ते अनेक वर्षे पदार्थविज्ञान शिकवत होते. म्हणून मंत्री झाल्यावरही लोक त्यांना प्राध्यापक दंडवते असेच म्हणत. ‘मंत्रिमहोदय’ ही पदवी त्यांना फारशी चिकटलीच नाही.

1971 साली ते कोकणातल्या राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. त्यांच्या आधी बॅ. नाथ पै तेथून निवडून येत असत. राजापूरच्या मतदारांनी दंडवते यांना लागोपाठ पाच वेळा निवडून दिले. या मतदारसंघाची एक अडचण होती. तेथे रेल्वेच नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत आणि कारखान्यांत कोकणातले हजारो लोक काम करत. गणपती, होळी, ईद आली की ते गावी निघत. एस.टी.ची रात्रभराची वाट, नाहीतर भाऊच्या धक्क्यावरून आगबोट. रेल्वेचा रूळ पाहण्यासाठी तिकडच्या मुलांना मुंबईलाच यावे लागे.

जून 1975 मध्ये देशात आणीबाणी जाहीर झाली. विरोधी पक्षांच्या अनेक नेत्यांना अटक झाली. दंडवते यांना बंगळुरूच्या तुरुंगात ठेवले. त्यांच्या पत्नी प्रमिलाताई याही समाजवादी कार्यकर्त्या होत्या. त्यांना पुण्याच्या येरवडा तुरुंगात ठेवले. नवरा एका राज्यात, बायको दुसऱ्या राज्यात, आणि दोघेही गजांआड. त्या काळात दोघे एकमेकांना पत्रे लिहीत. तुरुंगाचे अधिकारी ती वाचून मगच पुढे पाठवत.

मार्च 1977 मध्ये निवडणुका झाल्या आणि जनता पक्षाचे सरकार आले. मोरारजी देसाई पंतप्रधान झाले. नुकतेच तुरुंगातून सुटलेले मधु दंडवते देशाचे रेल्वेमंत्री झाले.

पहिले मोठे काम माणसांचे होते. मे 1974 मध्ये रेल्वे कामगारांनी देशभर संप केला होता. तो मोडला गेला आणि हजारो कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. तीन वर्षे त्यांच्या घरी पगार नव्हता. दंडवते मंत्री असताना या कामगारांना परत कामावर घेतले गेले. मुंबईच्या रेल्वे वसाहतींत त्या वर्षी पुन्हा चुली नीट पेटल्या.

आता त्या लाकडी फळीकडे वळू. पूर्वी रेल्वेत तिसरा वर्ग होता. गरीब माणूस त्याच वर्गाने प्रवास करी. 1974 साली तिसरा वर्ग बंद झाला. म्हणजे काय झाले? डब्यावरची पाटी बदलली. तिसऱ्या वर्गाला दुसरा वर्ग म्हणू लागले. आतली फळी मात्र तीच राहिली. पहिल्या वर्गात मऊ गाद्या होत्या. दुसऱ्या वर्गात एकावर एक तीन फळ्या होत्या. मुंबईहून कोलकात्याला किंवा लखनौला जाणारा मजूर दोन दोन रात्री त्या फळीवर काढी. ज्यांच्याजवळ वळकटी असे ते ती अंथरत. ज्यांच्याजवळ नसे ते तसेच पडत. सामानाच्या डब्यातल्या पेटीला लाकडी फळी चालते. पेटीची पाठ दुखत नाही.

पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला यातला हिशेब सोपा होता. तुम्हीही तो करू शकता. कठीण फळीवर झोपले की शरीराचा सगळा भार खांदा, कंबर आणि टाच अशा थोड्या जागांवर येतो. त्या जागा दुखू लागतात आणि झोप मोडते. फळीवर मऊ थर असला की तो दबतो, भार जास्त जागेवर पसरतो आणि दुखणे कमी होते. त्यासाठी पलंगावरच्यासारखी जाड गादी लागत नाही. दोन इंच फोम पुरतो.

दंडवते यांनी ठरवले की दुसऱ्या वर्गाच्या शयन-डब्यांत हा दोन इंच फोम बसवायचा. त्यांच्यापुढे दुसराही एक मार्ग होता. ते समाजवादी होते, त्यांना वर्गभेद नको होता. पहिल्या वर्गाच्या गाद्या काढून टाकल्या असत्या तरी सगळे सारखे झाले असते! तसे त्यांना करायचे नव्हते. वरच्याला खाली ओढण्यापेक्षा खालच्याला वर आणावे, असे त्यांचे मत होते.

बोलायला हे सोपे वाटते. एका स्लीपर डब्याचा हिशेब करून पाहा. जुन्या पद्धतीच्या डब्यात नऊ कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात आठ बर्थ असतात. म्हणजे एका डब्यात बहात्तर गाद्या. एका गाडीला असे कित्येक डबे, आणि देशभर अशा किती गाड्या! त्यामुळे हे काम एका दिवसात झाले नाही. आधी मोठ्या मार्गांवरच्या गाड्यांत गाद्या आल्या. दंडवते मंत्रिपदावरून गेल्यावरही काम चालू राहिले. सुमारे दहा वर्षांत देशातल्या बहुतेक सगळ्या स्लीपर डब्यांत गाद्या दिसू लागल्या.

26 डिसेंबर 1977 रोजी मुंबई ते हावडा अशी एक नवी जलद गाडी सुरू झाली. रवींद्रनाथ टागोरांच्या काव्यसंग्रहावरून तिचे नाव ठेवले ‘गीतांजली एक्सप्रेस’. या गाडीला पहिल्या वर्गाचा डबाच नव्हता. इगतपुरी, भुसावळ, नागपूर, रायपूर असा जवळजवळ दोन हजार किलोमीटरचा प्रवास, आणि सगळे प्रवासी एकाच वर्गाचे. तोपर्यंत वेगवान आणि चांगल्या गाड्या पैसेवाल्यांसाठी असतात, असेच लोक धरून चालत. पुढे काळ बदलला. गीतांजलीलाही वातानुकूलित डबे जोडले गेले. पण ती अजून धावते. सकाळी मुंबईहून निघाली की ती कांजूरमार्गवरूनच पुढे जाते.

जागा मिळवणे हीही तेव्हा एक लढाईच होती. आरक्षण हाताने होई. खिडकीमागे जाडजूड वह्या असत. कारकून त्यांत नावे लिहीत. रांगेत माणूस पहाटेपासून उभा राही आणि खिडकी उघडताच जागा संपल्याचे कळे. तीच जागा मग दलालाकडे जास्त पैशांना मिळे. वहीत कोणाचे नाव आधी लिहिले, हे बाहेरच्या माणसाला कसे दिसणार? आरक्षणाचे काम संगणकावर आणायचा विचार दंडवते यांच्या काळात पुढे आला. प्रत्यक्षात तो उतरला 1980 नंतरच्या दशकाच्या मध्यात, आधी दिल्लीला आणि मग इतर शहरांत.

जुलै 1979 मध्ये जनता पक्षाचे सरकार पडले. दंडवते यांना रेल्वे खाते जेमतेम सव्वादोन वर्षे मिळाले.

तेवढ्या काळात कोकणाकडे एक छोटे पाऊल मात्र पडले होते. रायगड जिल्ह्यात आपट्यापर्यंत रेल्वे आली होती. 1978 साली आपटा ते रोहा हा मार्ग मंजूर झाला. पण रोहा म्हणजे कोकणाचा उंबरठा. राजापूर अजून फार दूर होते. डोंगर, नद्या, पाऊस, आणि त्याहून मोठी अडचण पैशांची. संसदेत दंडवते यांनी हा प्रश्न कधी सोडला नाही. 1989 च्या शेवटी विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारात ते अर्थमंत्री झाले. रेल्वेमंत्री होते त्यांचे जुने सहकारी जॉर्ज फर्नांडिस. एकाकडे तिजोरी, दुसऱ्याकडे रेल्वे! लोकांकडून कर्जरोख्यांनी पैसा उभा करायचे ठरले. जुलै 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. ई. श्रीधरन यांनी बांधणीचे काम हाती घेतले.

पुढच्याच वर्षी, 1991 साली, दंडवते निवडणुकीत हरले. ज्या राजापूरने त्यांना पाच वेळा निवडून दिले होते, त्याच राजापूरने त्यांना हरवले. रूळ अजून पडायचे होते. ते राजकारणातून पूर्णपणे बाजूला झाले नाहीत. 1996 पासून दोन वर्षे ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष होते. जानेवारी 1998 मध्ये रोहा ते मंगळुरूपर्यंतचा सगळा मार्ग सुरू झाला. आज कोकणकन्या, मांडवी या गाड्याही कांजूरमार्गवरूनच जातात आणि दिव्याजवळ कोकणाकडे वळतात. त्यांच्या स्लीपर डब्यांत चिपळूण, रत्नागिरी, राजापूरकडची माणसे गादीवर झोपून गावी जातात.

प्रमिलाताईही पुढे मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या. स्त्रियांच्या हक्कांसाठी त्यांनी पुष्कळ काम केले. 31 डिसेंबर 2001 रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर चार वर्षांनी, 12 नोव्हेंबर 2005 रोजी, प्रा. मधु दंडवते मुंबईत वारले. आपला देह वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी द्यावा, अशी त्यांची इच्छा होती. त्याप्रमाणे तो मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाला देण्यात आला.