सिनाईची पोथी आणि टिशेनडॉर्फ

एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या जुन्या प्रती मिळवून तिचा पाठ शुद्ध केला, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. छापखाना नव्हता तोवर ग्रंथ नकलांवरच जगत असे. आणि नक्कल करणाऱ्याचा हात चुकतो, डोळा एखादी ओळ गाळतो, कधी तो पदरचे दोन शब्दही घालतो. ख्रिस्ती शास्त्राच्या बाबतीत हीच चिंता एकोणिसाव्या शतकातील एका जर्मन पंडितास जन्मभर लागून राहिली होती. त्याचे नाव कॉन्स्टँटिन टिशेनडॉर्फ.

१८ जानेवारी १८१५ रोजी सॅक्सनीतील लेंगनफेल्ड या गावी एका डॉक्टरच्या घरी त्याचा जन्म झाला. लाइपझिग विद्यापीठात त्याने ग्रीक भाषेचा व धर्मशास्त्राचा अभ्यास केला. बायबलाचा नवा करार मूळचा ग्रीक. परंतु त्याच्या लेखकांच्या हातचे एकही पान उरलेले नाही. छापील आवृत्त्या निघाल्या होत्या त्या बहुतेक फार उत्तरकालीन नकलांवरून. मूळ शब्दांच्या जवळ जायचे तर सर्वांत जुनी चर्मपत्रे शोधली पाहिजेत, असा निश्चय या तरुणाने केला.

प्रथम तो पॅरिसला गेला. तेथील ग्रंथालयात पाचव्या शतकातील एक विलक्षण पोथी होती. चामड्याचे पान महाग. म्हणून बाराव्या शतकात कोणीतरी तिच्यावरील बायबलाची अक्षरे खरवडून त्याच पानांवर एफ्राइम नावाच्या साधूची प्रवचने लिहिली होती. पाटी पुसून पुन्हा लिहावी तसाच हा प्रकार! खालची पुसट अक्षरे उजेडात धरून टिशेनडॉर्फने एकेक करून लावली, आणि १८४३ मध्ये त्यांतील नवा करार छापून काढला. तेव्हा त्याचे वय अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते.

पुढच्याच वर्षी, १८४४ मध्ये, तो सिनाई पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या सेंट कॅथरीनच्या मठात पोहोचला. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियन याने बांधविलेला हा मठ. वाळवंटाची कोरडी हवा व मठाच्या उंच भिंती यांमुळे तेथील ग्रंथसंग्रह शतकानुशतके टिकून राहिला होता. तेथून टिशेनडॉर्फने एका अतिप्राचीन ग्रीक बायबलाची ४३ पाने मिळवली. जाळण्यासाठी टोपलीत टाकलेल्या चर्मपत्रांत आपणांस ही पाने सापडली, असे त्याने पुढे लिहून ठेवले. मठातील साधूंना हे मुळीच मान्य नाही. आम्हांसही ही टोपलीची गोष्ट पचत नाही. कारण ती पाने उत्तम स्थितीत आहेत, आणि १८४६ मध्ये त्याने ती छापली तेव्हा ती कोठे मिळाली हे त्याने गुप्त ठेवले होते.

उरलेल्या पोथीच्या ओढीने तो १८५३ मध्ये पुन्हा गेला आणि रिकाम्या हाती परतला. तिसऱ्या खेपेस, १८५९ मध्ये, रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर त्याच्या पाठीशी होता. याही वेळी निराश होऊन परतीची तयारी चालली असता, ४ फेब्रुवारीच्या संध्याकाळी मठाच्या कारभाऱ्याने त्यास आपल्या खोलीत नेले व लाल कापडात बांधलेले एक गाठोडे पुढे ठेवले. त्यात सुमारे साडेतीनशे पाने होती. नवा करार तर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत संपूर्ण! शिवाय, ज्याचा आरंभीचा ग्रीक भाग हरवला असे सर्व पंडित समजत होते, ते बर्नबाचे पत्रही पूर्ण होते. त्या रात्री टिशेनडॉर्फ झोपला नाही. थंडीत, मंद दिव्याशी बसून त्याने त्या पत्राची नक्कल करावयास घेतली.

ही पोथी चौथ्या शतकातील. बहुतेक पानांवर चार रकाने, रकान्यात ४८ ओळी, आणि दोन शब्दांमध्ये मुळीच जागा सोडलेली नाही. निरनिराळ्या हातांनी केलेल्या दुरुस्त्या तिच्यात हजारोंनी आहेत. मार्ककृत शुभवर्तमानाच्या अखेरीस छापील बायबलांत आढळणारी बारा वचने या पोथीत नाहीत. पुष्कळ भाविकांना हे वाचून धक्का बसला. टिशेनडॉर्फ स्वतः श्रद्धाळू होता, तरी त्याने जे दिसले तेच छापले. ही त्याची सचोटी आम्हांस फार मोलाची वाटते.

मात्र हीच सचोटी दुसऱ्या एका ठिकाणी उणी पडली. कैरोस पोथी आणवून त्याने दोघा मदतनिसांसह तिच्या एक लाख दहा हजार ओळी उतरवून घेतल्या. नंतर, मूळ पोथीशी नक्कल ताडून पाहण्यासाठी २८ सप्टेंबर १८५९ रोजी त्याने ती उसनी घेतली व मठाने मागताच ती सुरक्षित परत करण्याची लेखी हमी दिली. पोथी सेंट पीटर्सबर्गला गेली. १८६२ मध्ये तिची चार खंडांची भव्य आवृत्ती निघाली. पण पोथी परत आली नाही. नव्या मठाधिपतीच्या निवडीवरून तेव्हा मठात तंटा होता आणि रशियाचे वजन मोठे होते. अखेर १८६९ मध्ये मठाने दानपत्र करून दिले व ९,००० रूबल घेतले. हे दान कितपत खुशीचे, यावर अद्याप वाद आहे.

टिशेनडॉर्फला मानमरातब पुष्कळ मिळाले. १८७३ मध्ये पक्षाघाताने त्याचा हात थांबला, आणि ७ डिसेंबर १८७४ रोजी लाइपझिग येथे तो निवर्तला. पोथीचा प्रवास मात्र संपला नव्हता. १९३३ मध्ये सोव्हिएट सरकारने ती एक लाख पौंडांस ब्रिटिश म्यूझियमला विकली. १९७५ मध्ये मठातच एका बुजलेल्या खोलीत तिची आणखी बारा पाने व काही तुकडे सापडले. आज ती लंडन, लाइपझिग, सेंट पीटर्सबर्ग व सिनाई अशा चार ठिकाणी विभागलेली आहे. २००९ मध्ये सर्व पानांची छायाचित्रे संगणकावर एकत्र आणली गेली, तेव्हा कोठे ती पुन्हा एका जागी वाचता येऊ लागली. टिशेनडॉर्फच्या सहीची ती पावती मठाने अजून जपून ठेवली आहे.