लहरी पकडणारा माणूस : जगदीशचंद्र बोस

दिवाळीच्या सुट्टीत मी बाबांकडे कोलकात्याला गेलो होतो. त्याआधी शाळेत सिग्नलच्या तासाला सेट जुना आहे अशी तक्रार करून मी उस्तादांची बोलणी खाल्ली होती. बाबांनी मला बोस इन्स्टिट्यूटच्या संग्रहालयात नेले. तिथे जगदीशचंद्रांची उपकरणे पाहिली आणि ती तक्रार आठवून लाज वाटली.

जगदीशचंद्रांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 रोजी झाला. इंग्लंडमध्ये शिकून 1885 मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. भारतीय म्हणून त्यांना इंग्रज प्राध्यापकांपेक्षा कमी पगार ठरला. घरावर वडिलांचे कर्ज होते, तरी त्यांनी तीन वर्षे तो पगार घेतला नाही. शिकवणे मात्र चालूच ठेवले. शेवटी सरकारने मागील थकबाकीसह पूर्ण पगार दिला.

कॉलेजात धड प्रयोगशाळा नव्हती. एका छोट्या खोलीत, स्थानिक पत्रेकाऱ्याच्या मदतीने त्यांनी उपकरणे बनवली. रेल्वे वेळापत्रकाच्या जुन्या पुस्तकात पानापानांमध्ये वर्ख घालून ध्रुवक केला, तागाचे धागे पिळून प्रयोग केले. त्यांच्या लहरींची लांबी जेमतेम 5 मिलिमीटरपर्यंत खाली आली होती. 1895 मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये या अदृश्य लहरींनी भिंती पार करून दूरची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली.

आज सैन्याला शत्रूचा संदेश पकडायचा असतो, पण तो कोणत्या फ्रिक्वेन्सीवर येईल हे आधी कळत नाही. फार रुंद पट्टा एकदम ऐकावा लागतो. संदेश त्यातल्या थोड्याच जागी असतील, तर मोजके नमुने घेऊनही ते शोधता येतात. या गणिताला कॉम्प्रेसिव्ह सेन्सिंग म्हणतात. पण गणित नंतरचे, आधी लहर जाणवणारा डिटेक्टर हवा. बोसांनी नेमके तिथेच काम केले. 1899 मध्ये त्यांनी लोखंड आणि पाऱ्याचा डिटेक्टर रॉयल सोसायटीपुढे मांडला. गॅलिना या खनिजाच्या डिटेक्टरचे अमेरिकन पेटंट त्यांना 1904 मध्ये मिळाले. मित्रांच्या आग्रहाखातर त्यांनी ते घेतले होते, त्यातून पैसा मात्र केला नाही.

1917 मध्ये त्यांनी बोस इन्स्टिट्यूट स्थापन केली. 23 नोव्हेंबर 1937 रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.

सुट्टीनंतर मी तोच जुना सेट उघडला, पुसला, सांधे तपासले. एक सांधा सुटलेला निघाला. तो जोडल्यावर आवाज स्पष्ट आला. उस्ताद काही बोलले नाहीत, पण पुढच्या तासाला सेट माझ्याच हाती दिला.