ब्रामा प्रेसवाला सुतार

फ्लुइड मेकॅनिक्सच्या व्हायवाला ब्रामा प्रेस विचारला की आपण पास्कलचा नियम धडाधड म्हणून मोकळे होतो. पण हा ब्रामा कोण, असं सरांनी विचारलं तर? पंचाईतच! हा गडी मुळात सुतार होता.

जोसेफ ब्रामाचा जन्म १७४८ सालचा, यॉर्कशायरमधल्या बार्न्सलीजवळचा. घरी शेती. सोळाव्या वर्षाच्या सुमारास पायाला इजा झाली आणि शेतीकाम संपलं. मग त्याला सुताराच्या हाताखाली ठेवण्यात आलं. पुढे तो लंडनला गेला. तिथे फ्लशचे संडास बसवताना त्यांचा व्हॉल्व्ह थंडीत गोठतो हे त्याने पाहिलं, त्यात सुधारणा केली आणि १७७८ मध्ये पेटंट घेतलं. १७८४ मध्ये त्याने नवं कुलूप काढलं. ते उघडून दाखवणाऱ्याला २०० गिनी बक्षीस, अशी पाटी दुकानात लागली. १८५१ मध्ये हॉब्ज नावाच्या अमेरिकनाने ते उघडलं, तेही १६ दिवसांत मिळून ५१ तास खपून.

असं कुलूप हाताने घडवणं महागात जायचं. त्यासाठी अचूक यंत्रं हवी होती. म्हणून ब्रामाने १७८९ मध्ये हेन्री मॉडस्ली या १८ वर्षांच्या पोराला कामावर घेतलं. १७९५ च्या हायड्रॉलिक प्रेसमध्ये पाणी गळू न देणारं चामड्याचं सील मॉडस्लीचंच, असं मानतात. पण १७९७ मध्ये त्याने आठवड्याच्या ३० शिलिंगांवर पगारवाढ मागितली आणि ब्रामाने नाही म्हटलं. मॉडस्ली निघून गेला. पुढे लेथच्या इतिहासात त्याचं नाव झालं. माणसाची पारख असूनही ब्रामाने त्याची किंमत केली नाही, हे मनाला लागतं.

रंधा मारून हात दुखलेल्या या सुताराने १८०२ मध्ये लाकूड रंधण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. सॅम्युअल बेंथमची पेटंटं त्याआधीची होती, पण ब्रामाचं यंत्र वुलिच आर्सेनलमध्ये प्रत्यक्ष चाललं. उभ्या दांड्यावर आडवं चाक, चाकाला पाती आणि खालून सरकणारं लाकूड. दांडा द्रवाच्या दाबावर तोलून वर-खाली करायची कल्पना त्यात होती, म्हणजे प्रेसचंच डोकं इथेही वापरलं!

आजच्या थिकनेसरमध्ये आडवा फिरणारा कटर असतो आणि रोलर फळी पुढे ओढतात. पण मुद्दा तोच: टेबल आणि पातं यांतलं अंतर बदलता कामा नये. घरच्या छोट्या वर्कशॉपसाठी हे मशीन घ्यायचं असेल, तर आधी टेबल आणि कटरहेड हलतं का ते बघा. आपण नेहमी किती रुंद फळ्या वापरतो ते मोजा. पाती बदलणं किती सोपं आहे तेही विचारा. आणखी एक, थिकनेसर जाडी सारखी करतो, वाक काढत नाही. वाकडी फळी रोलरखाली दबते आणि बाहेर आली की पुन्हा वाकते. म्हणून एक बाजू आधी हातरंध्याने किंवा जॉइंटरवर सरळ करावीच लागते.

१८१४ मध्ये हॅम्पशायरच्या जंगलात ब्रामाच्या प्रेसने झाडं मुळासकट उपटण्याचं काम चालू होतं. तिथे देखरेख करताना त्याला सर्दी झाली, ती बळावली आणि ९ डिसेंबरला तो गेला. शेवटपर्यंत साइटवर उभा राहिलेला इंजिनिअर! पुढच्या वेळी प्रेसची आकृती काढताना या लंगड्या सुताराची आठवण ठेवा.