नूर इनायत खान : घरची थोरली लेक, रणातली गुप्तहेर

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या पदरी मौलाबक्ष नावाचे थोर गवई होते. त्यांचे नातू इनायत खान सूफी विचार व संगीत घेऊन परदेशी गेले. त्यांची थोरली कन्या नूर १ जानेवारी १९१४ रोजी मॉस्को येथे जन्मली.

१९२७ साली वडील वारले. तेरा वर्षांच्या नूरने खचलेल्या आईला व तीन धाकट्या भावंडांना सांभाळले. घर सांभाळून तिने पॅरिसमध्ये उच्च शिक्षण घेतले, मुलांसाठी जातककथा लिहिल्या.

१९४० साली नाझी फौजांनी फ्रान्स जिंकला. नूर इंग्लंडला जाऊन हवाई दलाच्या महिला शाखेत दाखल झाली व बिनतारी संदेशाचे काम शिकली. पुढे गुप्तहेर खात्याने तिला घेतले. स्वभाव हळवा, म्हणून काही शिक्षकांनी तिला या कामास नालायक ठरविले होते. तरी जून १९४३ मध्ये तिला फ्रान्समध्ये उतरविण्यात आले. थोड्याच दिवसांत पॅरिसमधील बरेच सहकारी पकडले गेले. परतण्याची मुभा असूनही ती थांबली आणि जागा बदलीत संदेश पाठवीत राहिली.

ऑक्टोबरमध्ये फितुरीने ती पकडली गेली. पळण्याचा प्रयत्न केल्यामुळे पायांत बेड्या पडल्या. पण चौकशीत तिने सहकाऱ्यांचा घात केला नाही. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छावणीत तिला गोळी घालण्यात आली. १९४९ मध्ये तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला.

घाटंजीच्या पालकहो, आपल्या अबोल, लाजाळू लेकीवर कच्चेपणाचा शिक्का मारण्यापूर्वी नूरला आठवा. तिला शिकू द्या.